लांबचा पाऊस आणि गच्चीचा कोबा

एप्रिल २०२५, दुसरा आठवडा. कांदिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही तिघं उभे होतो. सेक्रेटरी, मी आणि वॉटरप्रूफिंगचं काम घेतलेले कंत्राटदार. जुना कोबा फोडायचा, स्लॅब घासून साफ करायचा, विटांचे तुकडे बसवून नवा ब्रिकबॅट कोबा घालायचा, वर चायना मोझॅक लावायचं आणि शेवटी पाणी साठवून गळती तपासायची. सगळं मिळून सव्वा महिन्याचं काम. कंत्राटदारांनी गळ्यातल्या पंचाने घाम पुसला आणि एकच गोष्ट विचारली, "साहेब, पंचवीस मेपर्यंत कोरडं मिळेल ना? तेवढं सांगा, बाकीचं माझ्यावर सोडा."

सेक्रेटरींनी फोन काढला. त्यांच्या अ‍ॅपवर पुढच्या ४५ दिवसांचा अंदाज होता. २४ मेच्या चौकोनात पिवळा सूर्य, ३४ अंश, पावसाची शक्यता ५ टक्के. "कोरडंच आहे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी घण पडायला लागले.

२६ मे २०२५ ला मान्सून मुंबईत पोहोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. १९५० पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधीच आला नव्हता. त्याआधीची सर्वांत लवकरची तारीख होती २९ मे, १९५६, १९६२ आणि १९७१ सालची. कुलाब्याला त्या मे महिन्यात इतका पाऊस झाला की मेचा १९१८ सालचा विक्रम मोडला. आमच्या गच्चीचा अर्धा भाग तोवर झाला होता, उरलेल्या अर्ध्यात स्लॅब उघडा होता. वर बांधलेल्या ताडपत्रीत पाणी साचून ती पखालीसारखी लोंबत होती. सातव्या मजल्यावर काकूंच्या बेडरूममध्ये पंख्याच्या हुकातून थेंब गळत होते. काकूंनी खाली पोह्यांचं मोठं पातेलं ठेवलं होतं आणि गादी गुंडाळून भिंतीला लावली होती. मला बघून त्या म्हणाल्या, "अरे, तू कॉलेजात फिजिक्स शिकवतोस ना? मग सांग मला. एवढे उपग्रह सोडतात, एवढे कॉम्प्युटर आहेत. महिनाभर आधी साधं कळत कसं नाही?"

जिन्यात उभ्या उभ्या द्यायचं हे उत्तर नव्हतं. नीट मांडून सांगायला हवं होतं, ते इथे सांगतो.

अंदाज काढतात म्हणजे काय करतात

हवा कशी वाहते, कशी तापते, तिच्यातल्या वाफेचं पाणी कधी होतं, याचे नियम माहीत आहेत. ते भौतिकशास्त्राचेच नियम आहेत आणि त्यांत गूढ काही नाही. आत्ता हवा कुठे कशी आहे हे कळलं, तर पुढच्या दहा मिनिटांनी ती कशी असेल याचं गणित मांडता येतं. त्या उत्तरावरून पुढची दहा मिनिटं, आणि असं करत करत उद्या, परवा. अख्ख्या पृथ्वीवरच्या हवेचे चौकोनी तुकडे पाडून संगणकावर केलेल्या या गणिताला 'मॉडेल' म्हणतात. हा शब्द पुढे लागेल, म्हणून लक्षात ठेवा.

ही कल्पना जुनी आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने २० मे १९१० या एका दिवसासाठी हे गणित हाताने केलं आणि १९२२ साली छापलं. सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) बदलेल असं त्याचं उत्तर आलं. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ बदललाच नव्हता. १९५० साली अमेरिकेत पहिल्यांदा संगणकावर हे जमलं, पण २४ तासांपुढचा अंदाज काढायला जवळपास २४ तासच लागले. आज भारताच्या मॉडेलमधला चौकोन ६ किलोमीटरचा आहे. मे २०२५ मध्ये ते सुरू झालं, आधी हाच चौकोन १२ किलोमीटरचा होता. मुंबईकरांच्या मापात सांगायचं तर पूर्वी चर्चगेट ते माटुंगा रोड या सगळ्या पट्ट्याला मिळून एक आकडा होता, आता चर्चगेट ते महालक्ष्मीला एक आहे. हे गणित पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या 'अर्का' नावाच्या महासंगणकावर चालतं.

आणि 'आत्ता हवा कशी आहे' हे कुठून कळतं? सांताक्रूझच्या वेधशाळेतून रोज पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या वेळांच्या नोंदीसाठी एक पांढरा फुगा वर सोडतात. त्याला बांधलेली छोटी डबी वर जाता जाता तापमान, दमटपणा आणि दाब पाठवत राहते. वाऱ्याने फुगा कसा वाहवत जातो त्यावरून वारा कळतो. खूप उंचावर गेल्यावर फुगा फुटतो. जगभरातल्या शेकडो ठिकाणी ठरलेल्या त्याच घटकेला असेच फुगे सुटतात. त्यांच्या जोडीला उपग्रह, विमानं, जहाजं आणि समुद्रातले तरंगते बोये असतात. माणसाने इतकी वर्षं देशांच्या भांडणांतसुद्धा एकमेकांना ही माहिती देणं चालू ठेवलं आहे. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

तरीही हे जाळं विरळच आहे. मुंबईवर येणारा पाऊस ज्या अरबी समुद्रावरून येतो, तिथे फुगा सोडायला कोणी बसलेलं नाही.

तीन आकडे गाळले, तेवढ्यात काय झालं

१९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर हवेचं एक अगदी साधं, खेळण्यातलं मॉडेल चालवत होता. एक हिशेब पुन्हा बघायचा होता, म्हणून त्याने मधूनच तो सुरू केला. कागदावर छापून आलेला आकडा त्याने पुन्हा टाइप केला, ०.५०६. संगणकाच्या पोटात मात्र तो ०.५०६१२७ होता. छापताना शेवटचे तीन अंक गाळले जात होते. लॉरेन्झ कॉफी प्यायला गेला आणि तासाभराने परत आला. नवा हिशेब सुरुवातीला जुन्याच्या पावलावर पाऊल टाकत होता, मग थोडा बाजूला सरकला, मग आणखी. शेवटी दोघांचा काडीचा संबंध उरला नव्हता. त्याला आधी वाटलं की यंत्र बिघडलं. यंत्र ठीक होतं.

आपण चाळीत, गल्लीत कॅरम खेळलो आहोत. पहिला ब्रेक आठवा. स्ट्रायकर गठ्ठ्याला लागून पहिली सोंगटी कुठे जाईल हे चांगला खेळाडू सांगतो. ती दुसऱ्या सोंगटीला कुठे लागेल हेही कदाचित सांगेल. पण सगळा पट फुटल्यावर एकोणीस सोंगट्या नेमक्या कुठे थांबतील हे कोणालाच सांगता येत नाही. तोच खेळाडू, तोच बोर्ड, तीच पावडर असली तरी तोच ब्रेक दुसऱ्यांदा जमत नाही. बोटाच्या टोकाचा केसभर फरक प्रत्येक टकरीत वाढत जातो.

हवेत टकरी थांबतच नाहीत. सुरुवातीच्या मोजमापातली चूक ढोबळमानाने दर दोनेक दिवसांनी दुप्पट होते. दुपटीचा हिशेब किती चढा असतो हे बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या गोष्टीमुळे आपल्याला माहीतच आहे. म्हणून साधारण दोन आठवड्यांपुढे 'अमुक दिवशी अमुक ठिकाणी' हा प्रश्नच निरर्थक होतो. फुगे दुप्पट केले, संगणक दहापट केला तरी ही हद्द फार पुढे सरकत नाही. संगणक कमी पडतो असं समजू नका. हवेचा स्वभावच तसा आहे.

या हद्दीच्या अलीकडे मात्र माणसाने मोठी मजल मारली आहे. गेल्या चार-पाच दशकांत दर दहा वर्षांनी अंदाजाला सुमारे एक दिवस जास्त मिळाला. म्हणजे आजचा पाच दिवसांचा अंदाज वीस वर्षांपूर्वीच्या तीन दिवसांच्या अंदाजाइतका भरवशाचा आहे. याचं श्रेय या लोकांना आपण पुरेसं देत नाही.

मुंबईवर घोडं जास्त का अडतं

युरोपातला पाऊस बहुधा शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यातून येतो. पट्टा सरकताना दिसतो, उद्या तो कुठे असेल हे काढता येतं. आपल्याकडचा पाऊस उकळीचा आहे. खालून तापलेली दमट हवा वर उसळते, तासाभरात ढगाचा मनोरा उभा राहतो आणि तो दहा किलोमीटरच्या परिघात कोसळून मोकळा होतो.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईत कोणाला सांगावा लागत नाही. त्या दिवशी २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला ७३. सरळ रेषेत मोजलं तर दोन्ही वेधशाळांत जेमतेम पंचवीस किलोमीटर अंतर आहे. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत मिळून सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पडतो, हे लक्षात घेतलं की त्या एका दिवसाचा आकडा अंगावर येतो. दक्षिण मुंबईतली कचेरी सुटली तेव्हा पावसाळ्यातला नेहमीचा दिवस होता, आणि त्याच वेळी कलिना-कुर्ल्यात लोक गळ्याइतक्या पाण्यात चालत होते. 'मुंबईत किती पाऊस पडेल' या प्रश्नाला त्या दिवशी एक उत्तरच नव्हतं.

शिवाय मुंबईच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सह्याद्री. किनाऱ्यालगत कमी दाबाचा एक लांबट पट्टा तयार होतो. तो जोरात असला की आपल्याकडे झोडपतो, ढिला पडला की उघडीप. या पट्ट्यात कधीकधी वाऱ्याची लहानशी भोवरी उठते आणि ती ज्या गावासमोर थांबते त्या गावाची त्या दिवशी दैना होते. भोवरी मुंबईसमोर थांबेल की डहाणूसमोर, हे आदल्या दिवशीसुद्धा ठामपणे सांगणं कठीण असतं. रेड अलर्ट दिला, शाळांना सुट्टी दिली आणि लख्ख ऊन पडलं, असं होतं ते यातूनच. पाऊस बऱ्याचदा पडलेला असतो, फक्त पन्नास किलोमीटर पलीकडे. कुलाबा आणि वेरावलीच्या डॉप्लर रडारवर आलेला ढग दिसतो, पण त्यावरून पुढच्या दोन-तीन तासांचंच सांगता येतं.

चक्रीवादळाचं तुलनेने बरं असतं. ते शेकडो किलोमीटर रुंद असतं, त्याला आकार असतो, वाट असते. ३ जून २०२० ला 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा त्याची चाहूल आधीच लागली होती आणि किनाऱ्यावरची माणसं हलवता आली.

भरती वर्षभर आधी कळते, मग पाऊस का नाही?

हा प्रश्न मला एका कोळी मित्राने विचारला होता आणि तो फार नेमका आहे. पावसाळ्याआधी महापालिका यादी काढते, कोणत्या दिवशी किती वाजता साडेचार मीटरपेक्षा उंच भरती येणार. ती मिनिटाला मिनिट खरी ठरते. त्याच समुद्रावरचा पाऊस मात्र महिनाभर आधी सांगता येत नाही.

भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते. त्यांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात आणि मोजणीत कणभर चूक झाली तर ती पुढेही कणभरच राहते. हवेत तीच कणभर चूक फुगत जाते. म्हणून निसर्गातल्या सगळ्याच गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. ग्रहण शंभर वर्षं आधी सांगता येतं आणि वळीव शंभर तास आधी नाही. दोन्हीच्या मागे विज्ञान एकच आहे.

मग अ‍ॅपवर ४५ दिवसांचे सूर्य कुठून येतात?

पहिल्या आठ-दहा दिवसांत मॉडेलचं खरंखुरं काम असतं. त्यापुढे बहुतेक अ‍ॅप त्या तारखेची सरासरीच चित्र काढून दाखवतात, कधी मॉडेलची थोडी फोडणी देऊन. २४ मेच्या चौकोनातल्या सूर्याचा अर्थ इतकाच, की आजवर मुंबईत २४ मे बहुधा कोरडा गेला आहे. ते काही खोटं नव्हतं. पण त्या सूर्याला २०२५ च्या मेबद्दल काडीचीही माहिती नव्हती. सेक्रेटरींनी पंचांगातली तारीख पाहावी तसं ते पाहिलं, आणि समजले अंदाज. चूक त्यांची नाही. उद्याचा सूर्य आणि ४५ दिवसांनंतरचा सूर्य एकाच आकाराचा, एकाच रंगाचा दाखवतात, ही मला खरी फसगत वाटते. पुढचा सूर्य फिका दाखवला असता तरी माणूस सावध झाला असता.

शास्त्रज्ञ स्वतः काय करतात पाहा. सुरुवातीचे आकडे नेमके कळत नाहीत ना? मग ते जरा जरा बदलून तेच गणित पुन्हा पुन्हा करतात. युरोपच्या मध्यम मुदतीच्या हवामान केंद्रात दर वेळी ५१ गणितं होतात. याला 'समूह-अंदाज' म्हणतात. ५१ पैकी ४५ गणितांनी पाऊस दाखवला तर विश्वास ठेवावा. २५ नी पाऊस आणि २६ नी ऊन दाखवलं तर सांगणाऱ्याने प्रामाणिकपणे 'सांगता येत नाही' म्हणावं. '७० टक्के शक्यता' म्हणजे शहराच्या ७० टक्के भागात पाऊस नव्हे आणि दिवसाचा ७० टक्के वेळ पाऊसही नव्हे. असं सांगितलेले दहा दिवस घेतले तर त्यांतल्या सातेक दिवशी पाऊस पडतो, एवढाच त्याचा अर्थ.

दोन आठवड्यांपुढचं कळत नाही, तर चार महिन्यांचं कसं सांगतात?

काकूंनी पुढच्या भेटीत हेच विचारलं. दर एप्रिलच्या मध्याला हवामान खातं सांगतं की यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस होईल. मग ही थापच नाही का?

गॅसवर पाण्याचं पातेलं ठेवा. पुढचा बुडबुडा तळाच्या कोणत्या बिंदूवरून उठेल हे सांगता येणार नाही. पण ज्योत मोठी केली की बुडबुडे वाढतील हे कोणीही सांगेल. हवेसाठी ही ज्योत म्हणजे समुद्र. अख्ख्या वातावरणात जितकी उष्णता मावते तितकी समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटरच्या थरात मावते. समुद्र तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. एप्रिलमध्ये प्रशांत महासागरात पाणी कसं आहे यावरून ऑगस्टमध्ये ते कसं असेल याचा बराच अंदाज येतो. हवा दोन आठवड्यांत सगळं विसरते, समुद्र महिनोन्‌महिने लक्षात ठेवतो. १९८१ साली ज्यूल चार्नी आणि आपले जगदीश शुक्ला या हवामानशास्त्रज्ञांनी हाच मुद्दा मांडला. रोजच्या हवामानाच्या बाबतीत उष्ण कटिबंध अवघड, पण संपूर्ण ऋतूच्या बाबतीत तोच तुलनेने सोपा, कारण तिथल्या हवेवर समुद्राची पकड घट्ट आहे.

ही ओळख पटायला शंभर वर्षं लागली, आणि तिची सुरुवात आपल्याच दुष्काळांतून झाली. भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६ साली हिमालयातल्या बर्फावरून मान्सूनचा अंदाज द्यायला सुरुवात केली. १९०४ ते १९२४ या काळात भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मूळचे गणिती. त्यांनी जगभरच्या दाबाच्या नोंदी चाळल्या. प्रशांत महासागराच्या एका अंगाला दाब वाढला की दुसऱ्या अंगाला उतरतो, सी-सॉसारखा, हे त्यांना दिसलं. त्या सी-सॉचा समुद्रातला जोडीदार म्हणजे एल निनो. दक्षिण अमेरिकेच्या बाजूचं विषुववृत्तावरचं पाणी नेहमीपेक्षा तापलं की त्याला एल निनो म्हणतात. तसं झालं की भारतात पावसाची ओढ बसण्याचा धोका वाढतो.

धोका वाढतो, म्हणजे ओढ बसतेच असं नाही

१९९७ साली शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक होता. देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला.

उलटही झालं. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली सोळा घटकांवर आधारलेलं मान्सूनचं मॉडेल आलं. मराठी घरांत त्याचं फार कौतुक होतं, माझे वडील तो अंदाज कात्रण काढून ठेवायचे. ते बरीच वर्षं चांगलं चाललं. मग २००२ आलं. अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता, पण जुलैत देशभर पाऊस निम्म्यावर आला आणि ऋतू १९ टक्के तुटीत संपला. दुष्काळ पडला. मॉडेल बदलावं लागलं. २००९ मध्ये एप्रिलचा अंदाज ९६ टक्के होता आणि प्रत्यक्षात ७८ टक्के पडला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चूक बारीक नाही, आणि 'विज्ञान असंच असतं' म्हणून ती झटकून टाकायची मला सोय वाटत नाही.

२०२५ ला मात्र एप्रिलमध्ये १०५ टक्के सांगितलं होतं, १०८ टक्के झाला. सांगितलेल्या अधिक-उणे ५ टक्क्यांच्या चौकटीत तो नीट बसला.

पण नेमकं इथेच लोकांची गल्लत होते. हा आकडा संपूर्ण देशाचा आणि चारही महिन्यांचा आहे. सरासरी ८७ सेंटिमीटर, तीत जैसलमेरही आलं आणि चेरापुंजीही. १०५ टक्के म्हणजे कांदिवलीत ५ टक्के जास्त, असा अर्थ होत नाही. तो पाऊस कधी पडेल हेही त्यात नाही. २०१९ आठवा. जूनमध्ये देशात ३३ टक्के तूट होती, मुंबईत मान्सून २५ जूनला आला. आठवड्यात चित्र पालटलं. १ आणि २ जुलैच्या दरम्यान सांताक्रूझला २४ तासांत ३७५ मिलिमीटर पाऊस झाला. ऋतू संपला तेव्हा देशाचा आकडा ११० टक्के होता.

आणि नक्षत्रं?

आमच्या गावाकडे अजून विचारतात, आर्द्रा कोरड्या गेल्या का? नक्षत्रांची गणना सूर्यावर चालते, म्हणून मृग दर वर्षी ७-८ जूनलाच लागतो. मुंबईची मान्सूनची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. म्हणजे नक्षत्रं ही पिढ्यान्‌पिढ्या जपलेली सरासरी आहे, आणि मृगात पेरणीची तयारी ठेवा, हस्ताच्या गडगडाटाला जपा, हे सांगणाऱ्यांचं निरीक्षण अस्सल होतं. नक्षत्राचं वाहन बेडूक की मेंढा, यावरून पाऊस ठरवणं वेगळं. ते पंचांगातल्या गणिताने ठरतं आणि त्या गणितात त्या वर्षीच्या हवेचा किंवा समुद्राचा एकही आकडा नसतो.

महिनाभराचं सांगता येत नाही, तर २१०० सालचं तापमान कसं सांगतात?

पुन्हा पातेल्याकडे या. २१०० सालच्या २४ मेला पाऊस पडेल का, असं कोणी सांगत नाही. ज्योत इतकी वाढवली तर उकळी किती वाढेल, एवढंच सांगतात. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते, म्हणून कोसळला तर जास्त कोसळेल हे समजतं. नेमका कधी, ते नाही. दोन प्रश्न वेगळे आहेत.

एआय आलं आहे, आता तरी?

एआयने खरोखर मोठा फरक पडला आहे. गेल्या अनेक दशकांच्या नोंदींवर शिकलेली मॉडेलं दहा दिवसांचा अंदाज मिनिटभरात देतात, आणि अनेक बाबतींत जुन्या मॉडेलांपेक्षा सरस. २०२५ च्या पावसाळ्याआधी कृषी मंत्रालयाने सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मान्सून कधी पोहोचेल याचे एआयवर आधारलेले अंदाज मोबाइलवर पाठवले, चार आठवडे आधीपर्यंतचे. मला ही बातमी त्या वर्षीची सर्वांत मोठी वाटली. लवकर आलेला मान्सून मेअखेर अडकला आणि जूनच्या मध्यापर्यंत फारसा पुढे सरकला नाही. अशा वर्षी पहिल्या सरीवर पेरणी करून मोकळा झालेला शेतकरी दुबार पेरणीच्या खाईत जातो.

पण एआयलाही सुरुवातीचे आकडे त्याच फुग्यांकडून आणि उपग्रहांकडून घ्यावे लागतात, आणि लॉरेन्झच्या त्या तीन अंकांनी त्यालाही सोडलेलं नाही. चार आठवड्यांवरून ते 'आपल्या भागात या सुमाराला सुरुवात होण्याची शक्यता इतकी' असं सांगू शकतं. कांदिवलीची गच्ची कोणत्या दिवशी भिजेल, हे नाही.

काय कधी विचारायचं

एप्रिलमध्ये ऋतूबद्दल विचारावं. ते कळून उपयोग होतो. मुंबईच्या सात तलावांत ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी असलं तर वर्षभर पुरतं. यंदा ते भरायची शक्यता कितपत, यावर पाणीकपातीचा विचार आधीच सुरू करता येतो. दोन ते चार आठवड्यांसाठी हवामान खात्याचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी येतो. त्यात तारीख शोधायची नाही, आठवडा सरासरीपेक्षा ओला की कोरडा एवढंच पाहायचं. तारीख विचारायची ती आठवडाभर आधी. वेळ विचारायची ती त्याच दिवशी, रडारला.

आमच्या गच्चीचंच पाहा. एप्रिलमध्ये कोणालाही विचारलं असतं तरी २६ मे कळली नसती. पण १० मेच्या सुमारास हवामान खात्याने केरळात मान्सून २७ मेला, चार दिवस पुढेमागे, येईल असं जाहीर केलं होतं. केरळची नेहमीची तारीख १ जून. तो २४ मेला आला, म्हणजे सांगितलेल्या मुदतीत. दरम्यान, त्याच्या काही दिवस आधीच कोकण किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार होणार असल्याचे इशारे आले, आणि २४ मेला ते रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. आमच्या हातात पाच-सहा दिवस होते. तेवढ्यात उरलेला कोबा फोडायचा थांबवता आला असता, फोडलेल्या भागावर सिमेंटचा एक थर ओतून घेता आला असता. आम्ही एप्रिलमध्ये पाहिलेल्या सूर्यावर विसंबून राहिलो आणि मेमध्ये कोणी पुन्हा पाहिलंच नाही.

पावसाळ्यानंतरच्या सभेत कंत्राटदार आले. उरलेलं काम जानेवारीत घ्यायचं ठरलं. मुंबईच्या जानेवारीत पाऊस जवळजवळ नसतोच, तिथे सरासरीवर भरवसा ठेवायला हरकत नाही. काकूंनी एक अट लिहून घ्यायला लावली. एका वेळी गच्चीचा एक चतुर्थांश भागच फोडायचा, तो पूर्ण झाल्याशिवाय पुढच्याला घण लावायचा नाही, आणि दर सोमवारी पुढच्या सात दिवसांचा अंदाज पाहून सेक्रेटरींनी वहीत सही करायची.

वही काकूंच्याच घरी असते.